सेवा म्हणू नका, काम म्हणा

दरवर्षी १२ मे आला की आमच्या हातात एकेक गुलाबाचं फूल देतात. मेणबत्त्या पेटवतात, शपथ घ्यायला लावतात. कुणीतरी पाहुणा येतो, 'तुम्ही देवदूत आहात, पांढऱ्या कपड्यातल्या माता आहात' असं काहीबाही बोलतो, चहा पितो नि जातो. दुसऱ्या दिवशी त्याच मातेची रजा नामंजूर होते. देवदूताला पगारवाढ लागत नाही, देवदूताची कंबर दुखत नाही, देवदूताला पोरंबाळं नसतात. म्हणूनच हे नाव आम्हाला लावलंय. फुकटात पडतं.

मी २८ वर्षं या कामात आहे. वस्तीतल्या पोरी आणि आता पोरंसुद्धा येऊन विचारतात, ताई, नर्सिंगला जाऊ का? मी सांगते, जा. जरूर जा. पण फूल घ्यायला जाऊ नका, हक्काचं काम करायला जा. आणि जाण्याआधी पाच गोष्टी ऐकून घ्या.

पहिली गोष्ट, हे काम कुणाचं होतं ते विसरू नका. गावोगाव बाळंतपणं कुणी केली? आमच्या आज्यांनी. नाळ कापायला मांगवाड्यातली, महारवाड्यातली सुईण चालायची. रक्त, पाणी, घाण तिनं काढायची आणि ती गेली की घर शिंपडून शुद्ध करून घ्यायचं. तिचा हात बाळाला चालला, भांड्याला चालला नाही. तिच्या ज्ञानाला कुणी विद्या म्हटलं नाही, तिच्या मजुरीला कुणी पगार म्हटलं नाही. शेर-दोन शेर धान्य, एक जुनेर लुगडं. १९४६ च्या भोर समितीनं हिशेब मांडला तेव्हा एवढ्या मोठ्या देशात नर्सेस होत्या अवघ्या सात हजारांच्या आसपास. का? दुसऱ्याची घाण काढायची, परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, म्हणजे बाटायचं. पांढरपेशांच्या पोरी या कामाला येत नव्हत्या. आल्या त्यात ख्रिस्ती पोरी पुष्कळ, आणि त्यातल्या कित्येकींच्या आईबापांनी आपल्याच वाड्यांतून धर्म बदललेला. आज या कामाला सरकारी पगार आहे, परदेशची वाट आहे, तेव्हा सगळ्यांना हे काम 'उदात्त' दिसायला लागलं.

नाईटिंगेलबाईचं मोठेपण मी नाकारत नाही. पण दिवा एकटीच्याच हातात नव्हता. त्याच क्रिमियाच्या लढाईत जमैकाची मेरी सीकोल नावाची काळी बाई होती. लंडनमध्ये तिला नकार मिळाला, तर ती स्वतःच्या पैशानं तिकडे गेली आणि जखमी शिपायांच्या उपयोगी पडली. तिचं नाव आमच्या शपथेत नाही. आणि आमची सावित्रीबाई? १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर तिनं पाठीवर घेतलं, यशवंतच्या दवाखान्यात नेलं, आणि १० मार्चला त्याच प्लेगनं ती गेली. जे पोर शिवायला कुणी तयार नव्हतं ते तिनं पाठीवर घेतलं. यापेक्षा मोठा नर्सिंगचा धडा मला कुठल्या पुस्तकात सापडला नाही. माझ्यापुरता माझा नर्स दिन १० मार्च आहे.

दुसरी गोष्ट, वॉर्डात जात असते. गणवेश सगळ्यांचा सारखा म्हणून फसू नका. 'सिस्टर, तुमचं आडनाव काय?' हा प्रश्न पेशंटच्या कॉटवरून येतो तसा ड्यूटीरूममधूनही येतो. आडनावावरून कळलं नाही तर गाव विचारतात, गावावरून कळलं नाही तर देव विचारतात. मग डब्याच्या वेळी टेबलाची टोकं ठरतात. कोट्यातनं आली, हे कुजबुजतात. सलाईन एका दमात लावलं तर नशीब, दुसऱ्यांदा टोचावं लागलं तर कोटा. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. आदिवासी पोर, डॉक्टर झालेली, पुढं शिकत होती. सीनियर्सनी जातीवरून छळलं असा आरोप तिच्या आईनं केला, गुन्हा दाखल झाला, खटला उभा राहिला. डॉक्टरची ही गत, तर ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षातल्या पोरीची काय असेल?

तेव्हा गप्प बसून सोसू नका. तारीख, वेळ, कोण काय बोललं, तिथं आणखी कोण होतं, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. तक्रार लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी तक्रार म्हणजे वाऱ्यावरची वरात. अॅट्रॉसिटीचा कायदा १९८९ पासून आहे, पण तो साक्षीवर चालतो, रडण्यावर नाही.

तिसरी गोष्ट, हात आणि पेन. लिहिलं नाही ते केलं नाही, हे आमच्या धंद्याचं पहिलं सूत्र. औषध दिलं की तिथंच वेळ घालून सही करा. दिलं नसेल तर दिल्याची सही कुणाच्या बापानं सांगितलं तरी करू नका. डॉक्टरनं फोनवर ऑर्डर सांगितली तर डोस परत म्हणून दाखवा, लिहा, आणि आल्यावर त्याची सही घ्या. डोस पटला नाही तर विचारा. 'तू मला शिकवतेस?' म्हणेल. म्हणू दे. पेशंट गेला की चौकशी वरून सुरू होत नाही, खालून सुरू होते, आणि खाली तुम्ही उभे असता. ओव्हर घेताना रजिस्टरवर विसंबू नका, कॉटजवळ जाऊन पेशंट बघून ओव्हर घ्या.

सुईला परत टोपण लावू नका. कामाला लागायच्या आधी हिपॅटायटिस-बीचे तीन डोस घ्या, पहिला, मग महिन्यानं, मग सहाव्या महिन्यात. सुई टोचलीच तर बोट पिळू नका, तोंडात घालू नका, साबण नि वाहत्या पाण्यानं धुवा आणि ताबडतोब कळवा. एचआयव्हीवरचं प्रतिबंधक औषध जमलं तर दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू व्हायला लागतं आणि २८ दिवस घ्यायचं असतं. लाजेपायी किंवा इन्चार्जच्या भीतीपायी दोन दिवस लपवणाऱ्या पोरी मी पाहिल्यात. लाज कसली? टोचलेली सुई हा कामावरचा अपघात आहे, तुमचं पाप नाही.

चौथी गोष्ट, पैसा. सेवा हा शब्द इथंच वापरतात. नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण सांगायचं तर कॉलेजच्या दवाखान्यात तीन पेशंटमागे एक नर्स, साध्या दवाखान्यात पाचामागे एक. आणि आम्ही रात्री साठ पेशंटांत दोघी उभ्या राहिलोय. जमिनीवरच्या गाद्या त्यात धरलेल्या नाहीत. खाजगीत तर बारा-बारा तास राबवून पगाराच्या नावानं बोंब. २०१६ साली सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून केंद्राच्या समितीनं शिफारस केली. ५० खाटांच्या आतल्या खाजगी दवाखान्यातसुद्धा नर्सला महिना वीस हजारांपेक्षा कमी नको, आणि २०० खाटांच्या वरच्या दवाखान्यांत सरकारी नर्सइतका पगार द्या. शिफारस कागदावर आहे. तुमचा पगार त्या कागदाशी ताडून बघा, म्हणजे कळेल सेवा कोण करतंय आणि मेवा कोण खातंय.

नेमणुकीचं पत्र घेतल्याशिवाय कामाला लागू नका. मूळ सर्टिफिकेटं कुणाच्या कपाटात ठेवू नका, झेरॉक्स द्या. सर्टिफिकेट अडकवून ठेवणं म्हणजे वेठबिगारीच, फक्त साखळी कागदाची. राज्याच्या कौन्सिलची नोंदणी वेळेवर नवी करा. आणि युनियनमध्ये जा. केरळातल्या नर्सेस २०११-१२ मध्ये रस्त्यावर उतरल्या तेव्हा कुठं खाजगीवाल्यांना घाम फुटला. आपल्याकडे २०२२ साली सरकारी नर्सेसनी संप केला तो एजन्सीमार्फत कंत्राटी भरती करण्याच्या विरोधात. हे आपल्याला नीट कळायला पाहिजे. कंत्राटात रोस्टर नाही, राखीव जागा नाही, पेन्शन नाही. बाबासाहेबांनी लिहून दिलेलं मागच्या दारानं काढून घ्यायचं, त्याचं नाव कंत्राट.

पाचवी गोष्ट, अंगावरचा हात. २७ नोव्हेंबर १९७३ ला केईएममध्ये अरुणा शानबाग ड्यूटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेली. तिथं तिच्यावर हल्ला झाला. १८ मे २०१५ ला ती गेली. मधली ४१ वर्षं ती त्याच दवाखान्यात पडून होती आणि नर्सेसच्या पिढ्यांनी तिला जपलं. खटला चालला तो चोरीचा नि खुनाच्या प्रयत्नाचा, बलात्काराचा नाही. तिच्या नावानं हळहळ करणाऱ्यांना मी एकच विचारते, तुमच्या दवाखान्यात नर्सेसना कपडे बदलायला कडी लागणारी खोली आहे का? रात्रीच्या जिन्यात दिवा आहे का? २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्यात ड्यूटीवरच्या डॉक्टर पोरीला मारलं, तेव्हाही हेच प्रश्न होते. २०१३ च्या कायद्यानं दहा माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती पाहिजे. तुमच्याकडे ती आहे का, तिच्यात कोण आहे, पहिल्याच महिन्यात माहिती करून घ्या. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते, हेही ध्यानात ठेवा.

आता दोन कडू गोळ्या. एक माझ्या नर्स बहिणींना. पांढरे कपडे अंगावर आले की आपल्याला वाटतं आपण एक पायरी चढलो. मग झाडूवाल्या मावशीला 'ए' म्हणायचं, वॉर्डबॉयवर डाफरायचं, बेडपॅनला हात लावायचा नाही. डॉक्टर आपल्यावर ओरडतो, आपण मावशीवर ओरडतो. ही उतरंड कुणी रचली ते आपण वाचलंय ना? मग तिच्यातलं मडकं का व्हायचं? ती मावशी कंत्राटी आहे, तिला हातमोजे मिळत नाहीत, ती सुया उघड्या हातानं उचलते. तिच्या हातमोज्यासाठी अर्ज तुम्ही लिहा. बेडपॅन उचलल्यानं कुणी हलकं होत नाही. ते काम एकाच जातीच्या गळ्यात बांधण्यात हलकटपणा आहे.

दुसरी गोळी चळवळीतल्या पोरांना. कॅज्युअल्टीत आपला माणूस गेला की तुम्ही पन्नास जण घुसता, काचा फोडता, समोर सापडेल तिच्या अंगावर जाता. समोर कोण सापडतं? डीन नाही, मंत्री नाही. सापडते ती नर्स, जी मघापासून दोन खाटांवरच्या चौघांना सांभाळत होती. तीही तुमच्याच चाळीतली असते. औषध संपलं ते तिनं खाल्लं नाही. २०१० चा कायदा आहे, दवाखान्यात मारहाण केली तर तीन वर्षांपर्यंत तुरुंग आहे, पण मी कायद्याची भीती घालत नाही. मी म्हणते, राग खरा आहे, पत्ता चुकलाय. औषधांची खरेदी कुणी अडवली, रिकाम्या जागा वर्षानुवर्षं का भरल्या नाहीत, व्हेंटिलेटर बंद का पडलेत, याचा जाब मागायला पन्नास जण घेऊन वरच्या मजल्यावर जा. त्या दिवशी आम्ही ड्यूटी बदलून तुमच्या मागं उभ्या राहू.

आणि घरातल्या पुरुषांना एक. रात्रपाळी करून आलेल्या बाईनं आल्या-आल्या चूल पेटवायची नसते. झोपायचं असतं. खिडकीला जाड पडदा लावा, पोरांना शाळेत सोडून या, भाकऱ्या थापायला शिका. नर्स बायकोचा पगार चालतो, तिची रात्रपाळी चालत नाही, शेजारीपाजारी संशय घेतात म्हणून तोंड पाडून बसायचं, हे भीमाच्या लेकरांना शोभत नाही.

तर पोरींनो, पोरांनो, जा. फॉर्म भरा. आपल्या माणसाला दवाखान्यात 'काय होतंय?' असं आपल्या भाषेत विचारणारं, त्याच्या आडनावाकडे न बघता अंगाला हात लावणारं कुणीतरी तिथं पाहिजे. पण ते पोटभर पगारावर, आठ तासांच्या पाळीवर, ताठ मानेनं पाहिजे. कुणी देवदूत म्हटलं तर सांगा, आम्ही माणसं आहोत, आणि आमचा ओव्हरटाइम बाकी आहे.

जयभीम.