दंड भरला म्हणजे सुटलो नव्हे!



द्वारसभा किंवा धरणे झाले की काही दिवसांनी एखाद्या साथीच्या हाती समन्स पडते. आरोप असतो रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना प्रवेशाचा, म्हणजे रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ चा. टपाल कचेरीच्या आवारातला प्रकार असेल तर फौजदारी अतिक्रमणाचे कलम लागते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ३२९ आहे, पूर्वी दंड संहितेत ४४१ व ४४७ होते. कोर्टाच्या दारात कोणीतरी कानाशी लागतो, "कबूल करा, दंड भरा, संध्याकाळी घरी जा." साथी दंड भरतो आणि सुटलो म्हणून निःश्वास टाकतो.

आमचे स्पष्ट मत आहे की ही सुटका नव्हे. गुन्हा कबूल करून शिक्षा घेतली की दोषसिद्धी नोंदली जाते. रेल्वेच्या १९६८ च्या शिस्त व अपील नियमांतील नियम १४ आणि टपाल खात्यातील नियमित कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या १९६५ च्या नियमांतील नियम १९ यांनुसार, ज्या वर्तनामुळे दोषसिद्धी झाली त्याच्या आधारे खाते नेहमीची चौकशी न करताही कारवाई करू शकते. राज्यघटनेच्या कलम ३११ चे चौकशीचे संरक्षणही तेथे मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या तुलसीराम पटेल खटल्यात सांगितले आहे. चार-पाचशे रुपयांच्या पावतीपायी वीस वर्षांची नोकरी टांगणीला लागते.

म्हणून प्रश्न येतो वकिलाचा. गावाकडे बांधाच्या अतिक्रमणाचा दावा जिंकून देणारा वकील हुशार असेल, पण ते दिवाणी काम. येथे फौजदारी कोर्टात रोज उभा राहणारा आणि खात्याचे सेवानियम जाणणारा वकील हवा. फौजदारी अतिक्रमणात नुसता प्रवेश पुरत नाही. गुन्हा करण्याचा, धाक घालण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. पंजाब नॅशनल बँकेच्या कर्मचाऱ्यांनी जागेवर बसून लेखणीबंद संप केला, तेव्हा तेवढ्यावरून ते फौजदारी अतिक्रमण ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली दिला. उलट १९६९ च्या निरंजन सिंग खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटले की रेल्वेच्या जागेत सभा घेण्याचा मूलभूत हक्क कामगाराला नाही. पहिला निकाल आपल्या बाजूचा, दुसरा विरुद्ध. दोन्ही ठाऊक असलेला वकीलच तुम्हाला खरा सल्ला देईल. "शंभर टक्के सोडवतो" म्हणणाऱ्यापासून चार हात दूर राहा.

महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या साथींना आणखी एक सांगणे. आपल्या भाषेचा म्हणून घरून वकील नेऊ नका. इटारसीच्या कोर्टात हिंदी चालते, हुबळीत कन्नड. तिथलाच वकील घ्या, आणि न समजणाऱ्या भाषेतील कागद दुसऱ्याकडून वाचून घेतल्याखेरीज त्यावर सही करू नका. फी किती, ती कशाकशाची, तारखेला स्वतः येणार की कनिष्ठाला पाठवणार, हे पहिल्याच भेटीत विचारा. विचारण्यात लाज कसली?

पैशांची अडचण असेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली महिला, अनुसूचित जाती-जमातींचे साथी आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मागता येतो. तालुका व जिल्हा पातळीवर त्याची कचेरी असते.

सर्वांत महत्त्वाचे असे की, हा भार एकट्या साथीवर टाकू नये. सभेला तो शाखेच्या हाकेवर आला होता. समन्स आले की पळापळ करण्यापेक्षा प्रत्येक शाखेने आजच दोन भरवशाचे वकील ठरवून त्यांची नावे सूचना फलकावर लावावीत. आणि समन्स मिळालेल्या साथीने कोर्टात तोंड उघडण्याआधी शाखेच्या कचेरीत यावे.

कामगार एकजुटीचा विजय असो!