मुलाचा कल ठरला नसेल तर कॉलेज कोणतें?

बारावीचा निकाल लागला म्हणजे गांवोगांव एकच प्रश्न ऐकूं येतो, "पुढें काय?" ज्याचें उत्तर तयार आहे त्या मुलाची चिंता नाहीं. परंतु ज्यास पिकांवरील किडींपासून जुन्या बखरींपर्यंत सर्वच आवडतें, त्यास घरचीं माणसें धरसोडीचा ठरवून घाईनें कोठें तरी अडकवितात. ही घाई आम्हांस घातक वाटते.

आमची हयात महसुली कचेरींत गेली. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यांत चढणारे बोजे आम्ही नित्य पाहत असूं. आमच्या शेजारच्या एका बागाईतदारानें ३ एकर गहाण टाकून मुलास इंजिनिअरिंगला घातलें. मुलगा दुसऱ्या वर्षींच परत आला. त्यास इतिहास शिकावयाचा होता. पण तसें त्यास कोणी विचारलेंच नव्हतें. बोजा अद्याप कायम आहे.

म्हणून, ज्याचा कल ठरला नाहीं त्यानें जेथें दारें उशिरां बंद होतात तें कॉलेज पाहावें. पहिलें दार तर अकरावींतच लागतें. गणित सोडल्यास इंजिनिअरिंगची व जीवशास्त्र सोडल्यास वैद्यकीची वाट बहुधा खुंटते. झेपत असल्यास दोन्ही विषय ठेवावे. पुढें २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेचे विषय घेण्याची मुभा ठेविली आहे. मात्र कागदावरील सोय आणि वर्गांत उभा राहणारा शिक्षक यांत किती अंतर असतें, हें कारकुनाहून अधिक कोणास ठाऊक असणार! तरी शेतकरी बंधूंनीं प्रवेशापूर्वीं कॉलेजांत समक्ष जाऊन चालू वर्षाचें वेळापत्रक मागावें. वनस्पतिशास्त्राबरोबर अर्थशास्त्र घेतलेलीं मुलें खरोखर आहेत काय, दोन्हींचे तास एकाच वेळीं येतात काय, हें तेथील विद्यार्थ्यांसच विचारावें. इमारत व फलक पाहून परतूं नये.

विज्ञान घेतलेल्या मुलास कृषिपदवीहि सुचवावीशी वाटते. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषिविद्यापीठांच्या या ४ वर्षांच्या अभ्यासांत माती, किडी, अवजारें, अर्थशास्त्र, विस्तारकार्य अशा नाना विषयांची ओळख होते. तथापि घरीं जमीन आहे एवढ्याच कारणास्तव तेथें ढकलणें म्हणजे पुन्हा न विचारणेंच होय.

तो शेजारचा मुलगा हल्लीं नाशिकच्या मुक्त विद्यापीठांतून इतिहास घेऊन बी. ए. करीत आहे. परवां बांधावर पुस्तक घेऊन बसलेला दिसला. बापाजवळ कर्जाच्या हप्त्याची गोष्ट काढली, तेव्हां त्यांनीं पावसाचा विषय काढला.