दारामागची भाडेकरू
दिवाळीच्या साफसफाईत आमच्याकडे झाडूला लांब काठी बांधली, की कोळ्यांवर संक्रांत येते. यंदा बाथरूमच्या दारामागे तळहाताएवढा चपटा कोळी दिसला आणि मी चप्पल उगारली. तेवढ्यात लक्षात आलं, ही मादी; पोटाखाली नाण्यासारखी चपटी, पांढरी अंड्यांची पिशवी धरून बसलेली. ही जात सावजासाठी जाळं विणतच नाही, रात्री हिंडून झुरळं धरते. त्याच कामाचे आम्ही पेस्ट कंट्रोलवाल्याला पैसे मोजतो! चप्पल खाली ठेवली. कुंडीतल्या कढीपत्त्यावर दुसरी एक बया असते: जाळ्यात पांढरी नागमोडी फुली काढून, आठ पाय दोन-दोन जोडून त्याच फुलीवर ताणलेली. फुली कशासाठी, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. सौ. मात्र रिकाम्या बाथरूमचंही दार हल्ली वाजवूनच आत जाते.