चौथा हंगाम अधिसूचनेचा

निफाड वर्षातून एकदा हमखास पहिल्या पानावर येतं, ते थंडीमुळे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा एक आकडी झाला की पुण्या-मुंबईला कौतुक सुरू होतं. इकडे त्याच पहाटे बागायतदार बॅटरी घेऊन द्राक्षबागेत शिरलेला असतो. मण्यात पाणी उतरायच्या वेळी गारठा वाढला की फुगवण थांबते आणि मणी तडकतो. मग पहाटेच ठिबक सोडायचं, बांधाच्या कडेने ओला पालापाचोळा पेटवून धूर करायचा आणि उजाडेपर्यंत तिथेच उभं राहायचं. निर्यातीच्या कंटेनरमध्ये जाणारा माल एका रात्रीत लोकल बाजाराचा होतो, म्हणून ही जागरणं.

यंदा बऱ्याच बागांत तेवढीही धावपळ नाही, कारण वेलीवर घडच नाहीत. २०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच आला आणि ऑक्टोबर सरत आला तरी हटेना. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घड तयार होतो, त्याला ऊन लागतं. ऊनच पडलं नाही. ऑक्टोबर छाटणी झाल्यावर डोळे फुटले तेव्हा घडाच्या जागी बाळ्या निघाल्या. 'बाग फेल गेली' हे तीन शब्द या दिवाळीत जितक्या घरांतून ऐकले तितके पूर्वी कधी ऐकले नव्हते. औषधांच्या दुकानातली उधारी मात्र फेल जात नाही.

तर अशा या २०२६ च्या जानेवारीत वर्तमानपत्रांत नव्या वर्षाच्या अंदाजांचा पूर आला आहे. विकासदर किती, सोनं कुठे जाणार, कृत्रिम बुद्धिमत्ता कोणाची नोकरी खाणार. वाचायला मजा येते. कृत्रिम बुद्धिमत्तेला नावं ठेवायचं कारण नाही. बागेत बसवलेलं हवामान यंत्र आज 'डाऊनीचा धोका आहे' म्हणून मोबाइलवर सांगतं आणि एखादी फवारणी वाचते. पण दिल्लीत परकीय व्यापार महासंचालनालय संध्याकाळी कोणती अधिसूचना काढणार, हे सांगणारं यंत्र अजून निघालेलं नाही, आणि निफाडचं वर्ष ठरतं ते तिथे.

कांद्याचे हंगाम तीन: खरिपाचा लाल, त्यामागून येणारा रांगडा आणि मग उन्हाळ. चौथा हंगाम अधिसूचनेचा, आणि त्याला पेरणीचा महिना नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी आली. उठली, आणि १४ सप्टेंबर २०२० ला परत आली. जानेवारी २०२१ मध्ये ती गेली. १९ ऑगस्ट २०२३ ला चाळीस टक्के निर्यातशुल्क लागलं आणि लासलगावचे लिलाव बंद पडले. त्याच वर्षी ८ डिसेंबरपासून थेट बंदी आली. ती मार्चअखेरपर्यंत, असं सांगितलं होतं. मार्चअखेर आली तेव्हा मुदत वाढवली गेली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि वर चाळीस टक्के शुल्क ठेवून. आमच्या दिंडोरी मतदारसंघाचं मतदान होतं २० मे रोजी. तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्री पडल्या, आणि त्या कशाने पडल्या हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. विधानसभा निवडणूक तोंडावर असताना १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य काढलं, शुल्क वीस टक्क्यांवर आणलं. १ एप्रिल २०२५ पासून ते शून्य झालं.

शुल्क शून्य झालं म्हणजे भाव यायला हवा होता. आला नाही. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस चाळीतला उन्हाळ कांदा हजार-बाराशे रुपये क्विंटलच्या आसपास घुटमळत राहिला. बांगलादेश हा आपला सर्वांत मोठा गिऱ्हाईक. त्याने गेल्या वर्षी बराच काळ आयातीचे परवाने रोखून धरले. दोन-तीनदा पाठ फिरवणाऱ्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक किती दिवस येणार? त्याने स्वतःची लागवड वाढवली, पाकिस्तान-चीनकडेही पाहून ठेवलं. निर्यातबंदी काही महिन्यांत उठते, पण तुटलेला बाजार उठवायला वर्षं लागतात, हा २०२६ साठीचा माझा पहिला अंदाज आहे आणि तो चुकावा अशी माझी इच्छा आहे. १२ फेब्रुवारीला बांगलादेशात निवडणूक आहे. त्यापुढे पश्चिम बंगाल, आसाम, तमिळनाडू, केरळ. आमच्या ट्रॉलीचा भाव ज्यांच्या मतांवर ठरणार आहे त्यातल्या कोणाचंही नाव आमच्या मतदारयादीत नाही.

हा भाव ठरतो कसा, हे शहरातल्या वाचकाने एकदा येऊन पाहावं. लासलगावपर्यंत जायचीही गरज नाही, निफाडचा उपबाजार पुरे. ट्रॅक्टर ओळीने लागलेले असतात. फाळका पाडला की दोन-चार कांदे घरंगळून खाली येतात. व्यापाऱ्यांचा घोळका येतो, एक जण कोपरापर्यंत हात ढिगात घालतो, तळातला कांदा काढून मान दाबतो, रंग पाहतो, जोड आणि गोल्टी किती हे नजरेनेच मोजतो. पुकारा होतो आणि अर्ध्या मिनिटात चार महिन्यांचा हिशेब एका चिठ्ठीवर येतो. शेतकरी ती चिठ्ठी घडी न घालता बघत राहतो. पुढे खळ्यावर माल ओतला की 'खाद निघाली' म्हणून भाव तोडायची दुसरी फेरी असतेच. नोव्हेंबर २०१८ मध्ये नैताळ्याच्या एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांद्याचे आलेले १,०६४ रुपये पंतप्रधान कार्यालयाला मनीऑर्डरने पाठवले होते. देशभर बातमी झाली. नैताळे याच तालुक्यातलं.

साठवणुकीचंही तसंच. भाभा अणुसंशोधन केंद्राने कांद्याला कोंब येऊ नये म्हणून लासलगावला विकिरण केंद्र उभं केलं, ते २००२ मध्ये. २००७ पासून त्याच केंद्रातून कोकणचा हापूस अमेरिकेला जाऊ लागला, कांदा मात्र चाळीतच राहिला. यात शास्त्रज्ञांचा दोष नाही. पुढच्या महिन्यात निर्यात चालू असेल की बंद हेच माहीत नसेल तर टिकवण्यावर पैसा कोण घालणार? ऑक्टोबर २०२४ मध्ये लासलगावहून सोळाशे टन कांदा रेल्वेने दिल्लीला गेला, 'कांदा एक्स्प्रेस' म्हणून गाजावाजा झाला. दिल्लीचा भाव उतरवायला गाडी वेळेवर सुटते. इथला भाव पडला तर गाडी कुठे लावायची, याचं वेळापत्रक कोणी केलेलं नाही.

येत्या रविवारी, १८ जानेवारीला, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांची जयंती. १८४२ मध्ये त्यांचा जन्म निफाडला झाला. दरवर्षी हार पडतो, 'थोर समाजसुधारक' म्हणून भाषण होतं आणि चहा होतो. ते अर्थतज्ज्ञ होते हे भाषणात येत नाही. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात त्यांनी मांडलं की इंग्लंडच्या ग्रंथांतले अर्थशास्त्राचे नियम जसेच्या तसे हिंदुस्थानला लावता येत नाहीत. त्या त्या देशाची स्थिती पाहावी लागते. मी त्याचा गावठी अर्थ असा लावतो की दिल्लीतली महागाईची टक्केवारी निफाडच्या शेतकऱ्याला जशीच्या तशी लावू नये.

रानड्यांचा दुसरा विषय होता शेतकऱ्याची पत. १८७५ मध्ये सुप्याला सावकारांच्या वह्या जळाल्या, १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला आणि त्या कायद्याखालच्या कामासाठी रानडे न्यायाधीश म्हणून गावोगाव फिरले. त्यांच्या लक्षात आलं होतं की सावकाराला नुसता आवर घालून भागत नाही, त्याच्या जागी स्वस्त आणि नियमित कर्ज उभं राहायला हवं. तो प्रश्न या वर्षी पुन्हा समोर आहे. कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पर्यंत घेऊ, असं मुख्यमंत्र्यांनी ऑक्टोबरअखेर जाहीर केलं. तारीख दिली हे चांगलंच, पण तिचा परिणाम आजच दिसतो आहे. मार्चअखेर आली की सोसायटीत नवंजुनं करायची रीत आहे: हातउसने घेऊन जुनं कर्ज भरायचं आणि दोन-चार दिवसांत नवं उचलायचं. यंदा जो तो विचारतो, भरू की थांबू? २०१७ ची माफी झाली, २०१९ ची झाली. दोन्ही वेळा नेमाने भरणाऱ्याला थांबलेल्यापेक्षा कमी मिळालं, आणि दुसऱ्या वेळचं पन्नास हजारांचं प्रोत्साहन हातात पडायला २०२२ उजाडलं. बाग फेल गेलेल्याला माफी द्यायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जिल्हा बँक आधीच थकबाकीखाली वाकलेली आहे. माफीनंतर नवं कर्ज कोण देणार हे ३० जूनच्या निर्णयात नसेल तर जुलैत शेतकरी खासगी फायनान्सच्या दारात उभा दिसेल. त्या दाराचा व्याजदर कोणत्याही आर्थिक अंदाजात छापून येत नाही.

आता थोडं वर बघू. ओझर आमच्याच तालुक्यात. १९६४ पासून तिथे विमानांचा कारखाना. गावाच्या नावाला 'मिग' चिकटलं ते कायमचं. २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्त झालं आणि १७ ऑक्टोबरला ओझरहून नाशिकचं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. बाग फेल गेल्याच्या दिवसांत डोक्यावरून गेलेली ही एक चांगली बातमी. तेजसची नवी जुळणी म्हणजे सुट्या भागांची कामं, आयटीआयच्या पोरांना जागा. तालुक्याचं अर्थकारण यातून सावरेल असं मी म्हणणार नाही, पण लग्नाच्या बाजारात फरक पडतो हे खरं. पाच एकर द्राक्षबाग, बंगला, गाडी असलेल्या मुलाला आज स्थळ मिळत नाही, आणि ओझरला कंत्राटावर लागलेल्याकडे मुलीचा बाप आपणहून चौकशी करतो. या बापाला लोभी म्हणू नका. दरमहा येणारा पगार आणि दरवर्षी बदलणारी अधिसूचना यांत त्याने मुलीसाठी पगार निवडला. अर्थतज्ज्ञ ज्याला जोखीम म्हणतात तिचं इतकं अचूक मोजमाप दुसऱ्या कोणी केलेलं मला माहीत नाही.

मजुरांचं काय? बागायतदारांच्या बैठकीत एक वाक्य ठरलेलं आहे: लाडक्या बहिणीने बायका कामाला येईनाशा झाल्या. महिन्याला पंधराशे म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. पन्नास रुपयांवर कोणी घरी बसत नाही. फरक एवढाच पडला की पडत्या दराला 'नाही' म्हणायची ताकद तिला आली, आणि ती आली याचा मला आनंद आहे. खरी ओढ पुढे बसणार आहे. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला. त्याआधी नाशिकमध्ये रस्ते, घाट, पूल यांची कामं जोरात असणार, आणि पेठ-सुरगाण्याहून येणारा मजूर तिकडे वळणार. नेमकी तीच वेळ आमच्या छाटणीची. ज्यांना टोळी लागणार आहे त्यांनी बोलणी आत्तापासून करून ठेवावी. कुंभाचा दुसरा संबंध नदीचा. नाशिकचं सांडपाणी गोदावरीतून खाली आमच्याकडेच येतं. सायखेडा-चांदोरीला पाणवेली साचतात आणि त्याखाली नांदूरमधमेश्वर आहे, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ ठरलेलं. सिंहस्थाच्या निधीतून सांडपाणी शुद्धीकरण खरंच झालं तर कुंभाचा सर्वांत टिकाऊ लाभ निफाडला होईल. घाटाच्या फरशीपेक्षा त्याकडे आपल्या लोकप्रतिनिधींनी लक्ष द्यावं.

सध्या शिवारात उन्हाळ कांद्याची लागवड चालू आहे. हा कांदा एप्रिल-मेमध्ये निघेल, चाळीत जाईल आणि थेट दिवाळीपर्यंत थोडा थोडा विकला जाईल. म्हणजे आज रोप लावणारा पुढच्या दहा महिन्यांच्या धोरणावर पैसे लावतो आहे. १ फेब्रुवारीला केंद्राचा अर्थसंकल्प आहे. खासदारांनी अनुदानाचा आकडा मागण्याआधी एकच गोष्ट मागावी: कांद्याचं निर्यातधोरण रोप टाकायच्या आधी जाहीर करा आणि तो कांदा विकला जाईपर्यंत बदलू नका, बदलायचंच असेल तर पुढच्या लागवडीपासून बदला. ग्राहकासाठी भाव उतरवायचा असेल तर सरकारने बाजारभावाने कांदा विकत घ्यावा आणि स्वस्तात विकावा, तोटा तिजोरीने सोसावा. रविवारी रानड्यांच्या पुतळ्याला हार घालायला जे पुढारी येतील, त्यांना एवढं लेखी निवेदन द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.