वस्तादानं राखून ठेवलेला डाव



पुण्यात संगमवाडीला लहुजी वस्ताद साळव्यांची समाधी आहे. १४ नोव्हेंबरला जयंती, १७ फेब्रुवारीला पुण्यतिथी. या दोन दिवशी तिथं गाड्यांची रांग लागते. पुढारी येतात, हार घालतात, फोटो काढतात. बॅनरवर वस्ताद कोपऱ्यात आणि पुढारी मधोमध. भाषणंही ठरलेली : आद्य क्रांतिगुरू, पीळदार शरीर, हातात दांडपट्टा, देशासाठी जगण्या-मरण्याची शपथ. मग टाळ्या, घोषणा, पांगापांग. वस्तीतली पोरं फेटे उतरवून घरी येतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा नाक्यावर उभी.

आमचा सवाल साधा आहे. या माणसानं तालीम काढली ती कशासाठी? मांगाच्या तालमीत बामणाची, माळ्याची पोरं आली कशी? आणि त्याच घरातली पोर हातात दांडपट्टा न घेता लेखणी घेऊन उभी राहिली, ती का? या सवालांवर स्टेजवर कुणी बोलत नाही. बोललं तर समोर बसलेली पोरं विचार करायला लागतील, आणि विचार करणारं पोरगं झेंडा धरायला मिळत नाही.

आधी वस्तादांचं मूळ बघू. जन्म १७९४ चा, पुरंदर किल्ल्याच्या मुलखातला. जात मांग, घराणं हत्याराचं. गडाची राखण करायची, वेळ आली तर जीव द्यायचा आणि एरवी गावकुसाबाहेर पडून राहायचं, ही त्या घराण्याची वतनदारी! बाप राघोजी पेशव्यांच्या बाजूनं लढला. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला लढाई झाली, तीत राघोजी पडले असं परंपरा सांगते. लहुजी तेव्हा तेविसाव्या वर्षात.

आता या तारखेशेजारी दुसरी तारीख ठेवा. १ जानेवारी १८१८, कोरेगाव भीमा. मधे फक्त आठ आठवडे. खडकीला मांग पेशव्यासाठी मेला, कोरेगावला महार कंपनीसाठी मेला. दोघांच्याही अंगात रग होती, दोघांच्याही हातात हत्यार होतं. पण हत्यार कुणावर चालवायचं हे दोघांनीही ठरवलेलं नव्हतं. ठरवणारा मालक वेगळा. लढाई संपली आणि मांग परत मांगवाड्यात गेला, महार परत महारवाड्यात. सैन्यात मर्द आणि गावात बाट, हा हिशोब काही बदलला नाही.

कंपनीचाही उपकार नको मानायला. ज्या फौजेत महारांनी रक्त सांडलं, तिथली त्यांची भरती १८९०च्या दशकात गोऱ्या साहेबानं बंद केली. १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा आला. तो पुढं मुंबई इलाख्यात पोचला आणि मांग-गारुडी, कैकाडी, पारधी अशा कैक जमातींच्या पोरांच्या कपाळावर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का बसला. तो कायदा १९५२ ला रद्द झाला. शिक्का अजून पुसलेला नाही, कुठल्याही पोलीस चौकीत जाऊन बघा. ताकद लागते तोवर शिपाई, गरज संपली की गुन्हेगार. हे आपल्या बापजाद्यांच्या मनगटाचं इनाम!

तालीम म्हणजे त्या काळात काय होतं तेही समजून घ्या. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या पोरीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. ती साळव्यांच्याच घरातली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली. ती सांगते की बाजीरावाच्या राज्यात मांग किंवा महार तालीमखान्यासमोरून नुसता चालत गेला तरी त्याचं मुंडकं उडवायचे आणि गुलटेकडीच्या मैदानावर त्याचा चेंडू करून तलवारीनं टोलवायचे. वाचताना अंगावर काटा येतो. तालमीच्या आत जाणं सोडा, तालमीच्या दारावरून जायला मनाई. तांबड्या मातीवर पहिला हक्क त्यांचा, आपल्या वाट्याला त्या मातीत सांडलेलं आपलंच रक्त.

आणि त्याच पुण्यात, पेशवाई बुडून पुरती पाच वर्षंही झालेली नसताना, एक मांग स्वतःची तालीम काढतो! साल १८२२ सांगतात. लाठी, बोथाटी, भाला, दांडपट्टा, निशाणबाजी, कुस्ती असं सगळं तिथं शिकवलं जायचं. ज्या रस्त्यावरून आपल्याला चालता येत नव्हतं त्या शहरात आपला माणूस वस्ताद म्हणून बसला, आणि वरच्या आळीची पोरं त्याच्या पायाला हात लावून हौद्यात उतरू लागली.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. कुस्ती लांबून शिकवता येत नाही. मानेला मान भिडते, मनगट धरावं लागतं, घाम घामात मिसळतो. दांडपट्ट्याचा हात शिकवताना वस्ताद पोराचा खांदा धरून वळवतो. सोवळं सांभाळून डाव बसत नाही. देवळातल्या कीर्तनानं आणि सुधारकांच्या सभांनी जी शिवाशिव शेकडो वर्षं हलली नाही, ती या मातीत रोज सकाळी मोडत होती. लहुजींनी त्यावर भाषण केलं नाही. त्यांनी दार उघडं ठेवलं. आत आलेल्याची जात विचारली नाही, अंगात दम आहे का एवढं बघितलं.

या दारातून आत आलेला एक पोरगा म्हणजे जोतीराव फुले. लहुजीबुवांकडून ते दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले, हे फुल्यांच्या चरित्रांत नमूद आहे. वासुदेव बळवंत फडकेही याच वस्तादांचे शिष्य असं सांगतात. त्यांनी १८७९ ला इंग्रजांविरुद्ध बंड केलं, तेव्हा त्यांच्या मागं रामोशी होते, कोळी होते. भाषणांत वस्ताद येतात ते बहुतेक वेळा या फडक्यांच्या बोटाला धरून. बंड मोठंच होतं, आम्ही ते लहान करत नाही. पण वस्तादांचा सगळ्यात मोठा डाव दुसराच होता, आणि तो दाबून ठेवला जातो.

तालमीत एक बोलणं सर्रास ऐकायला मिळतं. वस्ताद चेल्याला सगळे डाव शिकवतो, एक डाव राखून ठेवतो. लहुजींनी राखून ठेवलेला डाव कुठला? तो म्हणजे शाळा.

जोतीराव तालमीतून बाहेर पडले आणि १८४८ ला भिडेवाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. पुढं मांग-महारांच्या पोरांसाठी शाळा निघाल्या. शाळा काढणं एकवेळ सोपं, पोरं आणायची कुठून? हजारो वर्षं ज्यांना सांगितलं गेलं की अक्षर तुमच्यासाठी नाही, ते आपली लेकरं कुणा माळ्याच्या शब्दावर पाठवतील? तेव्हा दोन माणसं वस्तीत फिरली. एक लहुजी मांग आणि दुसरा राणबा महार. दोघांनी आपापल्या लोकांना समजावलं, पोरं शाळेत घातली. ज्याच्या एका हाकेसरशी पैलवान गोळा होत, त्या माणसानं आपलं वजन पाटी-पेन्सिलीच्या मागं टाकलं. फुल्यांच्या शाळेला अंगमेहनतीचं संरक्षणही याच तालमीतल्या गड्यांनी दिलं असं चळवळीत सांगतात.

आणि मग मुक्ता आली. तालीमखान्यासमोर कापलेल्या मुंडक्यांचा जाब तिनं लेखणीनं विचारला. वेद तुमचे असतील तर आमचा धर्म कोणता, असा रोकडा सवाल तिनं १८५५ साली केला. इमारतींच्या पायात आपल्या माणसांना तेल-शेंदूर पाजून गाडत होते हेही तिनं लिहून ठेवलं. रडली नाही, भीक मागितली नाही. शेवटी आपल्याच लोकांना तिनं सांगितलं की ज्ञानाचं औषध घ्या. तीन पिढ्यांचा हिशोब मांडून बघा. आजा-बापाच्या हातात मालकाचं हत्यार, वस्तादांच्या हातात स्वतःचं हत्यार, पोरीच्या हातात लेखणी. ही चढती कमान आहे, आणि तिच्यात तालीम मधला टप्पा आहे, शेवटचा नव्हे.

आता आपल्याकडं बघू.

आज वस्त्यावस्त्यांत जिम आहेत, कराटेचे क्लास आहेत. पोरं दंड फुगवतात, दंडावर निळ्या-पिवळ्या शाईनं महापुरुष गोंदवतात. चांगली गोष्ट आहे. दुबळ्याला कुणी विचारत नाही, आणि मार खाणाऱ्या वस्तीत अंगात ताकद असलीच पाहिजे. पण सकाळी कमावलेलं हे शरीर संध्याकाळी कुणाच्या कामी येतं? बिल्डरला झोपड्या खाली करून हव्यात, पोरं आपली. नगरसेवकाला मिरवणुकीत बंदोबस्त पाहिजे, पोरं आपली. हॉटेलच्या दारात बाउन्सर, पोरं आपली. आत नाचणारे वेगळे. केस अंगावर पडते तेव्हा जामिनालाही कुणी येत नाही. २०० वर्षांपूर्वी खडकीत आणि कोरेगावात जे झालं तेच चालू आहे : मनगट आपलं, मालक दुसरा. बदललं काय? तेव्हा भाकरी मिळायची, आता बिर्याणी.

आणि दुसरी गोष्ट, जी बोलायला आपण कचरतो. लहुजी आणि राणबा एका कामासाठी फिरले. मुक्तानं निबंधात मांग आणि महार एका दमात घेतले, दुःखाची वाटणी केली नाही. आपण वाटणी केली. लहुजींची जयंती मांगांची, भीमजयंती महारांची असं पोरं उघड बोलतात. एकाच नगरात दोन मंडळं, दोन कमानी, दोन डीजे. आणि कधी कधी एकमेकांवर काठ्या! १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण करायची मुभा राज्यांना दिली. अण्णा भाऊंच्या जयंतीचाच दिवस होता तो. तेव्हापासून हे विष आणखी चढलं आहे.

आमचं म्हणणं आम्ही लपवत नाही. हिस्सा मागणारा मांग आपला वैरी नाही. शिकायला उशिरा मिळालं, नोकरीत मागं राहिलो, आमचा वाटा कुठं आहे असं तो विचारतो तेव्हा तो मुक्ताचीच भाषा बोलतो. त्याला गप्प बसवायला जो उठतो तो बाबासाहेबांचं नाव घेवो की आणखी कुणाचं, तो तालीमखान्याच्या दारातला पहारेकरीच आहे. आणि त्याचबरोबर मांगाच्या पोरालाही सांगायचं आहे : तुझा वाटा महारानं खाल्ला असं जो तुझ्या कानात सांगतो, त्याच्या स्वतःच्या घरात किती जमीन, किती कारखाने, किती कॉलेजं आहेत ते एकदा मोज. आकडे मागा, कागद मागा, समोरासमोर बसून भांडा. पण काठी एकमेकांवर उचलायची नाही. काठी दोघांची, ती धरायला शिकवली ती एका वस्तादानं.

म्हणून या वर्षी नुसता हार नको. ज्या वस्तीत आपली तालीम किंवा जिम आहे तिथं एक कपाट ठेवा, त्यात पुस्तकं ठेवा. एक तास लाठी, एक तास वाचन. पोरींना आत घ्या, नुसतं जयंतीला लेझीम खेळायला नव्हे तर रोज घ्या. मुक्ताचा निबंध मोठ्यानं वाचा, दोन्ही आळीतल्या पोरांना एका सतरंजीवर बसवून वाचा. आणि कुणाचा टी-शर्ट अंगात घालायच्या आधी विचारा : हे मनगट उद्या कुणावर उगारायला लावणार आहेस?

वस्तादांनी राखून ठेवलेला डाव मुक्तानं वापरला. आपण तो अजून शिकलेलोच नाही.

जय लहुजी. जय भीम.