दाबोळीची सकाळची शाळा

कामाच्या दिवशी सकाळचे काही तास गोव्यातल्या दाबोळी विमानतळाची धावपट्टी नागरी विमानांना बंद असते. तेवढ्या वेळात नौदल सराव उरकतं आणि अडचण झालेला प्रवासी नौदलाच्या नावाने बोटं मोडतो. नौदलाने दाबोळी सोडावी, ही मागणी गोव्यात जुनीच. ती करणाऱ्यांनी तिथल्या आयएनएस हंसा या नौदल तळाच्या आवारातली एक चढण मात्र पाहिलेली नसते.

विमानवाहू जहाजाच्या टोकाला असते तशीच वर वळलेली ती चढण. जोडीला उतरणारं विमान अडवणारे पोलादी दोर. डेकवरच्या चढ-उताराची तालीम जमिनीवर करायची देशातली ही एकमेव जागा.

तालीम लागते, कारण इथे आधीचं शिकलेलं विसरायचं असतं. नौदलाच्या लढाऊ वैमानिकाचं उड्डाणाचं सुरुवातीचं शिक्षण हवाई दलाकडे होतं. तिथे सांगतात, टेकण्याआधी नाक किंचित उचला, विमान अलगद बसवा. डेकवर असं केलं की दोर हुकलाच. तिथे विमान ठरल्या कोनात सरळ आदळायचं, शेपटीखालच्या आकड्याने दोर पकडायचा आणि चाकं टेकताक्षणी इंजिन पूर्ण ताकदीवर न्यायचं. थांबायच्या क्षणी जोर वाढवायचा! आकडा अडकला नाही तर पुन्हा उडता आलं पाहिजे ना. अडकला, तर ताशी २४० किलोमीटरचा वेग अडीच सेकंदांत शून्य.

कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ११ जानेवारी २०२० रोजी नौदलाचं तेजस हे लढाऊ विमान ‘विक्रमादित्य’ या विमानवाहू जहाजावर उतरवलं. त्या तेजसने उतरताना पहिला दोर पकडला होता तो सप्टेंबर २०१९मध्ये, हंसावरच.

आता नौदलाकडे राफेल लढाऊ विमानं येतील. एप्रिल २०२५चा करार २६ विमानांचा. त्यातली ४ दोन आसनी, पण ती जहाजावर उतरणारी नव्हेत. नौदलाच्या मिग-२९केच्या जोडआसनी विमानात गुरुजींना मागे बसवून डेक गाठता येतो. राफेलमध्ये डेक पहिल्यांदा समोर येईल तेव्हा वैमानिक एकटाच. म्हणजे हंसाची गरज वाढणार, कमी होणार नाही. इथली जमीन समुद्रातल्या डेकसारखी डुलत नाही, हे उणं आहेच. पण चुकायची मुभा इथेच जास्त.



जानेवारी २०२३पासून गोव्यातच मोपाचा दुसरा विमानतळ सुरू आहे. सकाळची घाई असलेल्याने तिकडचं तिकीट काढावं; दाबोळीत तेव्हा वर्ग भरलेला असतो.