पोळीभाजीची हमी, पोराच्या बोटांची नाही

डिसेंबर आला, गावात टूरवाल्यांची गुलमर्ग-मनालीची पोस्टरं लागली. शुद्ध शाकाहारी जेवण मिळेल, हे ठळक अक्षरात. दोन वर्षांच्या पोराच्या बोटांबद्दल एक ओळ नाही!

हिमदंश काय फक्त सियाचीनच्या जवानांनाच होतो? लहानग्याच्या अंगातली ऊब मोठ्यांपेक्षा लवकर जाते, आणि बोटं बधिर झाली हे त्याला सांगताही येत नाही. त्यात ओले मोजे, आईबाप रीलमध्ये दंग.

बोटं पांढरी, कडक पडली तर चोळू नका. शेकोटीवर धरू नका, बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. आडोशाला न्या, ओलं काढा, ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात बुडवा, डॉक्टर गाठा.

टूरवाल्यांनो, एवढं बुकिंगच्या पावतीमागे छापायला किती खर्च येतो?